बाईला एक्झिक्युटर करायला जावयाची परवानगी काऊन पाहिजे?

नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या मामांनी मृत्युपत्रात मोठ्या मुलीला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी, नेमलंय. साक्षीदारांच्या सह्या वगैरे सगळं झालेलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर तो लाल सायरनवाला मेसेज आला आणि मामांनी तिच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली, आता म्हणे तिथं जावयाचं नाव टाकायचं. मेसेजचं म्हणणं असं की बाईसाठी 'एक्झिक्युट्रिक्स' असंच लिहावं लागतं नाहीतर मृत्युपत्र रद्द, लग्न झालेली असेल तर नवऱ्याची लेखी संमती पाहिजे, ती घराची मालकीणच होऊन बसते, जिला वाटा आहे तिला नेमताच येत नाही, आणि प्रोबेटशिवाय, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्क्याशिवाय, सगळं बेकार.

नवऱ्याच्या संमतीचं आधी घेतो, डोकं त्यानंच फिरलं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 223 काढून वाचा ना बाप्पा. प्रोबेट कोणाला मिळत नाही? अज्ञानाला म्हणजे वयात न आलेल्याला, वेडसर माणसाला आणि नियमात न बसणाऱ्या संस्थेला. लग्न झालेली बाई कुठाय त्यात? आता अर्धं खरं आहे तेही सांगतो, कायदा आला तेव्हा या कलमात नवऱ्याच्या संमतीची अट होती, पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन माणसाच्या मृत्युपत्राला ती तेव्हाही लागू नव्हती, आणि पुढं ती काढूनच टाकली. म्हणजे आमच्या मामांना जी अट कधीच नव्हती तिच्यापायी पोरीचं नाव कापायला निघालेत.

एक्झिक्युट्रिक्स म्हणजे बाई एक्झिक्युटर, बस. अधिकार तेच, जबाबदारी तीच. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 13 सांगतं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात बाई पण आली. आणि उत्तराधिकार कायद्याच्या कलम 222 प्रमाणे तर नेमणूक मजकुराच्या अर्थावरूनही धरता येते, तो शब्द नसला तरी.

मालकीण? संपत्ती तिच्याकडे येते ती गेलेल्या माणसाची प्रतिनिधी म्हणून, देणी फेडून बाकीचं लिहिल्याप्रमाणे वाटायला. प्रोबेट घेतलं तर 6 महिन्यांत यादी अन् वर्षभरात हिशोब कोर्टात द्यावा लागतो. मालकिणीला असा हिशोब कोण मागतो?

वाटेकरी एक्झिक्युटर म्हणून चालतो, त्याच कायद्याचं कलम 141 त्याच्यासाठीच आहे. प्रोबेटची सक्ती हिंदूंना जुना बंगाल इलाखा आणि मुंबई-मद्रास शहरांपुरती होती, आमचं नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे त्या सक्तीच्या बाहेर. बँकवाले कधी प्रोबेटसाठी अडून बसतात ते वेगळं.

जावई माणूस चांगलाच आहे, नेमायचा असेल तर मामांनी खुशाल नेमावा, पण मग पोरीला कारण सांगताना कायद्याचं नाव घेऊ नये.