शून्य रुपयांत बावीस कॉट

"सर, घर वजा धरा." परवा रविवारी आमच्याच सोफ्यावर बसून, आमचाच चहा बशीत ओतता ओतता एक मामा मला म्हणाले. वजा! फुकट म्हणाले असते तरी ऐकून घेतलं असतं.

घर का विकायचं, यात सांगण्यासारखं काही नाही. पोरं पुण्यात, हिचे गुडघे गेलेले, गच्चीचा जिना उभा. लिफ्टवाला टू बीएचके बघितलाय. वडिलांनी 1974 साली बांधलेलं, शहाबादी फरशीचं आणि कडाप्प्याच्या ओट्याचं हे लातुरातलं घर त्यापायी निघालंय.

गिऱ्हाईक आलं ते तिघांचं. घेणारा पोरगा, त्याचा मेव्हणा आणि पोराचे मामा. पोरगा मोबाईलमध्ये, मेव्हणा मोबाईलच्या चार्जरच्या शोधात. व्यवहार मामांचा. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध आणि हातात मोटारसायकलची किल्ली. ती किल्ली ते दिसेल त्याच्यावर वाजवायचे. भिंतीवर टकटक, दारावर टकटक, आमच्या फ्रीजवरसुद्धा टकटक. फ्रीज विकायचा नाही, असं मी दोनदा सांगितलं.

फाटकातच पहिला प्रश्न. लातुरात "कसे आहात" नंतर विचारतात.

"बोर कितवर हाय?"

"साडेसहाशे फूट."

"पाणी कुटं लागलं?"

"चारशे ऐंशीला."

"उन्हाळ्यात?"

मी चपलांकडे बघितलं. "एप्रिलपर्यंत असतं."

"म्हंजे मार्चपर्यंत," मामा भाच्याला म्हणाले, आणि मग आत आले.

हॉलमध्ये उभं राहून त्यांनी डोळे बारीक केले. "हितं चार." मला वाटलं, दर बोलायलेत. "चार काय?" "कॉट." वडिलांच्या खोलीत तीन. त्या खोलीत आयुष्यभर एकच कॉट होती आणि तीसुद्धा वडिलांना अडचण वाटायची. स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत पाच, "पत्रा हाय, पोरांना कुटं कळतंय." गच्चीवरच्या खोलीत सहा. आमच्या झोपायच्या खोलीत दोन. ही आतच होती, मामांनी दारातूनच मोजल्या. हिची शिवणयंत्राची खोली आली वीस झाल्यावर. छे, चुकलो, ती मोजलीच नाही, तिथं "मेसचे डबे ठिवायचे." एकविसावी देवघरात.

"अहो, ते देवघर आहे."

"एक बसतंय. बारकं पोरगं आसंल तर."

बाविसावी जिन्याखाली. तिथं आजवर आमचा कुत्रासुद्धा बसला नव्हता.

यात माझाही हात आहे, तेही कबूल करतो. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. लातूर पॅटर्न, लातूर पॅटर्न म्हणून छाती फुगवून फिरलो. नांदेड, बीड, परभणीकडून पत्र्याच्या पेट्या घेऊन पोरं यायची, तेव्हा कौतुक वाटायचं. आता नीटच्या पोरांसाठी गल्लीतल्या सात घरांची होस्टेलं झाली आहेत. रात्री अकराला सगळ्या खिडक्यांतून अभ्यासाचा उजेड आणि मॅगीचा वास. आमची खिडकी आठवी होणार. मीच पेरलेलं आता माझ्या देवघरात उगवायलंय.

मग मामांची किल्ली त्या चिरेपाशी गेली. हॉलच्या कोपऱ्यात वरून खाली आलेली चीर. 30 सप्टेंबर 1993. वडील गणपती बोळवून उशिरा झोपले होते, पहाटे चारला घर हललं. किल्लारीकडे काय झालं ते दिवस उजाडल्यावर कळलं. आम्ही पुढचे कितीतरी दिवस अंगणात झोपलो आणि वडील रोज सकाळी त्या चिरेवर पेन्सिलीनं खूण करून बघायचे, वाढली का. नाही वाढली. दर दिवाळीला रंग दिला की झाकते, होळीला परत दिसते. हे सगळं मी मामांना सांगितलं. आवाज जरासा जड झाला असावा.

मामांनी चिरेत किल्ली घातली. अर्धी आत गेली. "वजा," म्हणाले.

हिशोब असा झाला. तीस बाय पन्नास, म्हणजे दीड हजार फूट जागा. तिचा दर धरायचा. बोरचं थोडं. आणि घर पाडायला जेसीबी, मलबा उचलायला टिप्पर, तो खर्च त्यातून कापायचा.

"मग कॉट कशाला मोजल्या?"

"लगीच थोडंच पाडायलोय? परवानगी हाय, कर्ज हाय. दोन वर्सं जातेत. तवर पोरं ठिवू."

"म्हणजे दोन वर्षं ज्या घराचं भाडं येणार, त्याची किंमत वजा?"

मामा माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघत राहिले. "सर, भाडं पोरं देतेत. घर नाई देत."

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला असं गप्प केलं नव्हतं. उत्तर मला रात्री दीड वाजता सुचलं. आता ते इथं लिहून उपयोग नाही, आणि खरं म्हणजे तेही तितकंसं चांगलं नव्हतं.

जाताना मामा मागच्या अंगणात थबकले. तिथं आमचे निळे ड्रम. नऊ. दोनशे लिटरचे. सगळे 2016 चे. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. भांडण नाही, दंगल नाही, नुसतं पाणी भरायला जमलेल्या लोकांसाठी. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळा देश टीव्हीवर ती गाडी बघत होता आणि आम्ही ड्रम शोधत होतो. ज्या भावाला तेव्हा ते घेतले, तो भाव मी हिला अजून खरा सांगितलेला नाही.

मामांनी किल्ली खिशात ठेवली. पहिल्यांदाच. एका ड्रमवर हाताचा पंजा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ह्ये घरासंगट का?"

"नाही."

"तीनशेनं देता?"

"नाही."

"पाचशे."

पन्नास वर्षांच्या घरातली एकच वस्तू अधिक निघाली. मी हुरळून "सहाशे" म्हणणारच होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "एकसुद्धा द्यायचा नाही!" ती देवघराच्या एकविसाव्या कॉटपासून धुमसत होती.

काल टेप घेऊन फ्लॅटवर गेलो. लिफ्टचं दार बत्तीस इंच, ड्रम तेवीस. जातो. एका वेळी एक ड्रम आणि एक माणूस मावेल, असं मी फोनवर कळवलं.

"मग ड्रमबरोबर मी येते," ही म्हणाली, "तुम्ही जिन्यानं या."