‘दुबईला जा, टॅक्स शून्य, राहणं फुकट’वाल्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या, शाळेच्या, गावच्या, सगळ्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असा, की लोकलला लटकण्यापेक्षा दुबईला जा, 4,000 दिरहॅम पगार, टॅक्स शून्य, राहणं कंपनीचं, एजंटला दीड लाख द्या, व्हिजिट व्हिसावर उतरा, बाकी तिथं होतं, आणि पाच वर्षांत ठाण्यात टू बीएचके. मी तिकडं नोकरी करून आलोय, त्यामुळे जाऊ नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ह्या मेसेजवर विसंबून कोणी बॅग भरत असेल तर आधी हे वाचा.

टॅक्स शून्य. हो, पगारावर इन्कम टॅक्स नाही, खरंय. पण 4,000 दिरहॅमचे वर्षाला होतात आजच्या भावाने अकरा-बारा लाख, आणि 2025-26 पासून नव्या रेजिममधे नोकरदाराला 12.75 लाखांपर्यंत इथेही टॅक्स लागत नाही. मग वाचवला कुठला टॅक्स? इथे तेवढा पगार देतो कोण, हा मुद्दा बरोबर आहे, तर तोच सांगा ना, टॅक्सचं गाजर कशाला. वर तिकडं 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहेच.

आता पगार, आणि फॉरवर्डवाल्याने खरी मेख इथेच लपवलीय. 4,000 हा झाला एकूण आकडा. ऑफर लेटर उघडून बघा, बेसिक 1,600 आणि बाकी हाउसिंग, ट्रान्सपोर्ट, ‘अदर’ असं काहीतरी असतं. आपल्यासारखा पीएफ तिकडं नाही, नोकरी सोडताना हातात येते ती ग्रॅच्युइटी, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा पगार, आणि तो फक्त बेसिकवर. 1,600 च्या हिशोबाने वर्षाचे 1,120 दिरहॅम, पाच वर्षांचे 5,600. अख्खे 4,000 बेसिक असते तर 14,000 झाले असते! नोकरी गेल्यावरचा विमा 2023 पासून सक्तीचा आहे, तुमच्या-आमच्या पगाराला महिन्याला 5 दिरहॅम, त्यात जास्तीत जास्त तीन महिने 60 टक्के मिळतात, तेही बेसिकचेच. एचआरवाला ‘भाई टोटल तो वही है ना’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या कंपनीचे पैसे वाचवत असतो, त्याचं कामच आहे ते, पण सही तुमची असते.

राहणं कंपनीचं असेल तर मग बहुतेक वेळा हाउसिंगचे पैसे नाहीत, आणि खोली म्हणजे दुबईतल्या सोनापूर किंवा अल कूझच्या कामगार कॅम्पमधला डबलडेकर पलंग. पैसे मिळाले तर बेडस्पेस, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने शोधा, दुबईत परवडत नाही म्हणून लोक शारजात राहतात, मीही राहिलो. मेट्रो शारजापर्यंत जात नाही, आणि दुबई-शारजाच्या अल इत्तिहाद रोडवर संध्याकाळी अडकलात की ठाण्याच्या घोडबंदर रोडची आठवण येते. लोकलला लटकण्यापेक्षा दुबईला जा म्हणणाऱ्याला हे कोणी सांगितलं नसावं.

टू बीएचके? कॉट, मेस, फोन, येणं-जाणं काढून 4,000 मधले 2,000-2,200 उरले तर माणूस काटकसरी म्हणायचा. रुपयात महिन्याला पन्नास हजार धरा, पाच वर्षांचे तीस लाख, आणि त्यातूनच घरी पाठवायचे, गावाला यायचं, एजंटसाठी काढलेलं कर्जही फेडायचं. ठाण्यात तीस लाखांत पार्किंगसकट काय मिळतं ते फॉरवर्डवाल्यानेच सांगावं.

एजंटला दीड लाख हे तर सरळ बेकायदा. नोंदणी असलेला रिक्रूटिंग एजंट कायद्याने फक्त 30,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे 35,400, आणि पावती द्यायलाच लागते. एजंटची नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर दिसतं, शंका असेल तर मुंबईत बीकेसीच्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी ऑफिस आहे, तिथे जाऊन विचारा. शिवाय भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं यूएईचा कायदाच सांगतो.

आणि व्हिजिट व्हिसा. त्यावर काम करणं तिकडं गुन्हा आहे, असं ठेवून घेणाऱ्या मालकाला 2024 पासून 1 लाख ते 10 लाख दिरहॅम दंड आहे. म्हणून चांगली कंपनी हात लावत नाही, आणि जी लावते ती कागदावर काहीच आणत नाही, मग पगार बुडाला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? मुदत संपली की रोजचा 50 दिरहॅम दंड तुमच्या डोक्यावर. दहावी नसलेल्याच्या ईसीआर पासपोर्टला नोकरीसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे जाण्याआधी आपल्या सरकारची परवानगी लागते, त्याच्याबरोबर दोन वर्षांसाठी फक्त 275 रुपयांत 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. व्हिजिटवर गेलात की क्लिअरन्सही नाही आणि विमाही नाही. ‘एअरपोर्टवर विचारलं तर फिरायला चाललोय म्हण’ असं एजंट शिकवायला लागला, की तिथल्या तिथे पासपोर्ट परत मागून घ्या.