‘टाइमपास’ या शब्दाबद्दल

सर, नमस्कार.

शाळा सुटल्यावर मी घेते त्या वर्गाबद्दलची तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस गप्प बसले. राग गेलेला नाही, पण उत्तर लिहितेय.

तुम्ही म्हणता, “शाळा सुटल्यावर अभ्यास घ्यायचा सोडून मुलांना काड्या जोडायला बसवणं म्हणजे टाइमपास.” पटलं नाही, असं म्हणा. पण टाइमपास? वर्गात एकदाही न येता, एका फोटोवरून?

त्या काडेपेटीच्या काड्या आहेत, सांध्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना हे बसवलं. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाचवी काडी घाला, दोन त्रिकोण होतात आणि तोही घट्ट बसतो. हे मी सांगत नाही, मुलं दाबून दाबून शोधतात. आमची सातवीतली एक मुलगी वर छताकडे बघत म्हणाली, “ताई, म्हणून पत्र्याखालच्या आधाराच्या कैच्या अशा तिरक्या असतात?” भूमिती याहून वेगळी काय असते, सर?

पाच तास बाकावर बसून आलेलं मूल साडेपाचला पुन्हा वही उघडत नाही. म्हणून आधी गूळ-शेंगदाणे, मग अर्धा तास नुसतं पळणं, मगच काम. आराखडा असाच आखलाय, विचार करून. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तोही टाइमपास होता का?

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. घराला सातपर्यंत कुलूप. मला ज्या शिकवणीला बसवलं होतं तिथं शाळेतलेच पाढे आणि शाळेतलाच मार. सातवीत गणितात नापास झाले ती तिथं जात असतानाच. तेव्हा ‘अभ्यास घेणं’ म्हणजे काय, हे निदान मला तरी शिकवू नका.

एक गोष्ट मान्य. पाचवीची आणि नववीची मुलं एका गटात बसवणं चुकलंच. लहानांच्या हातून काड्या मोडतात आणि मोठे चिडतात. जूनपासून दोन गट करतेय.

हजेरी, मूल्यमापन, खर्च यांवर तुम्ही बरंच लिहिलंय. त्यात आत्ता शिरत नाही.

बुधवारी सहाला या. मोठी मुलं काड्यांचा पूल बांधणार आहेत, त्यावर पाण्याची भरलेली बाटली ठेवायचीय. ती तुम्ही ठेवा. मग त्यांच्यासमोर तो शब्द पुन्हा उच्चारून दाखवा.