आजोबांचं ओरिजिनल घड्याळ

आजोबांचं एचएमटी जनता माझ्या वाट्याला आलं ते काही सरळ आलं नाही, मोठ्या काकांनी दोन दिवाळ्या तोंड फुगवून काढल्या तेव्हा आलं. 1968 ला लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. त्या काळात जावयाला एचएमटी म्हणजे डोक्यावरून पाणी. लग्नाच्या फोटोत आजोबांनी हात असा गुडघ्यावर ठेवलाय की आधी घड्याळ दिसतं, मग आजोबा आणि आजी तर अर्धी फ्रेमच्या बाहेर.

मी ते घालून मिरवत होतो तेवढ्यात ऑफिसातल्या एका शहाण्यानं विचारलं, "डायल ओरिजिनल आहे का?" झालं, माझी झोप उडाली. तीन रात्री वाचत बसलो. 1961 ला बंगळुरात जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं सुरू झाली, 2016 ला सरकारनं घड्याळाची कंपनी बंद करायचं ठरवलं, आणि आता जुन्या डायलवर निळा, भगवा, पोपटी असा वाट्टेल तो रंग मारून विकणारे ढिगानं आहेत. आमचा डायल निळा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट. आता काय करता!

मग भिंग घेऊन बसलो. अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या वाटल्या, मिनिटांच्या रेघा आकड्यांपासून जरा सरकलेल्या, आणि केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, पार झिजलेली असताना डायल मात्र नव्या नवरीसारखा. बायको म्हणाली, "एवढ्या बारकाईनं कधी तांदूळ निवडले असतेस तर."

शेवटी सांगलीत गणपती पेठेतल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, डॉक्टर रिपोर्ट बघताना गप्प बसतात तसे.

"डायलला कलर मारलाय. काटे दुसऱ्याचे. काच बदललेली, चावी पण."

"आणि मशीन?"

"मशीन एचएमटीचीच आहे हो, सतरा ज्वेल. पण ह्या घड्याळातली नव्हं." मग झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेलं बारीक अक्षर, घड्याळजी लोक रिपेरीची खूण करतात तसं: 'म. बदली 98'. "आमच्या वडिलांचं अक्षर आहे," ते इतक्या अभिमानानं म्हणाले की मला त्यांना नमस्कारच करावासा वाटला.

98 म्हणजे आजोबा रिटायर झाले ते साल. घरी येऊन काकांना फोन लावला. आधी आठवत नाही म्हणाले, मग चहा झाला का विचारलं, मग खाकरले. "अरे, माझं जनता दिवसाला बारा मिनिटं मागं पडायचं. मी एसटीत कंडक्टर, मला टायमाला पोचायला लागायचं. बाबांना रिटायर झाल्यावर कुठं जायचं होतं? म्हणून मशीन फक्त अदलाबदल केली."

फक्त! रिटायर झाल्यापासून आजोबा प्रत्येक लग्नात अक्षता पडल्यावर पोचायचे आणि सगळं घर म्हणायचं, वय झालं आता, भान राहत नाही. आजी तर त्यांना शंखपुष्पी पाजायची रोज सकाळी.

"काका, म्हणजे आजोबांची मशीन तुमच्याकडं आहे?"

"हो, एकदम टकाटक चालतीय. म्हणून तर म्हणत होतो, ते घड्याळ मला द्या, दोन्ही एका घरात राहिली असती."

आता केस माझ्याकडं, मशीन त्यांच्याकडं. डायलचा तपास लावायला आत्याला फोन केला. तिला सगळं आठवत होतं, लहानपणी तिनंच घड्याळ हातात घालून भांडी घासली होती, पाणी शिरून डायलवर डाग पडले आणि मार नको म्हणून आजीनं गुपचूप दुसरा बसवून आणला.

"मग जुना डायल?"

"आहे की, माझ्या बटणांच्या डब्यात. पांढरा आहे बघ छान. पण द्यायची नाही हां मी, बाबांची आठवण आहे ती."