साठीचा गट

आयुष्यभर वय लपवलेली माणसं वय वाढवून सांगताना बघायची असतील, तर ज्येष्ठांच्या सायकल शर्यतीची नावनोंदणी चालू असते तिथे जाऊन उभं राहावं. पन्नाशीपुढचे, पंचावन्नपुढचे, साठीपुढचे असे गट असतात. घरच्या लग्नात कलप लावून मिरवणारे गृहस्थ इथे टेबलावर वाकून सांगतात, "साठच लिहा हो, बिनधास्त!" कारण उघड आहे. एकोणसाठाव्या वर्षी तुम्ही पंचावन्नच्या गटातले थेरडे असता. साठ लागली की पुढच्या गटातलं कोवळं पोर.

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमात तर वाढदिवसाचीही वाट बघत नाहीत. चालू सालातून जन्मसाल वजा करायचं, की झालं वय. ३१ डिसेंबरला जन्मलेला माणूस १ जानेवारीलाच पुढच्या गटात. आमच्या क्लबाने बाकी कुठलाही आंतरराष्ट्रीय नियम पाळला नाही, हा मात्र ताबडतोब उचलला.

माझा जन्म कागदोपत्री १ जूनचा. आमच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय. पोरगं शाळेत घ्यायचं म्हणून गुरुजींनी तारीख तर ठोकलीच, वर एक वर्षही वाढवून लिहिलं. त्यापायी नोकरीचं एक वर्ष बुडालं, पगार बुडाला, आणि त्या गुरुजींचा आमच्या घरात वर्षानुवर्षं उद्धार होत आला. आता मी साठीच्या गटात वर्षभर आधी दाखल झालोय. गुरुजींना दूरदृष्टी होती.

शर्यत हडपसरहून निघते आणि दिवे घाट चढून वर संपते. पहाटे जमल्यावर पहिला अर्धा तास सबबी सांगण्याचा. "माझा गुडघा धरलाय." "रात्री लग्नात जेवण उशिरा झालं." "डॉक्टर म्हणालेत, जोर लावायचा नाही, नुसतं फिरून या." एकाने तर ताप मोजून आल्याचं सांगितलं. हे सगळं बोलताना हात चाकांतली हवा पुन्हा पुन्हा दाबून बघत असतात. जो जास्त कण्हतो त्याच्यापासून सावध राहायचं, एवढं मी शिकलोय. आणि "आज एकदम फिट वाटतंय" असं जो म्हणेल, तो वडकीच्या आतच बाजूला थांबून बूट सैल करताना दिसतो.

फुरसुंगी, वडकीपर्यंत रस्ता सपाट. सपाटीवर पुढच्याच्या मागे चिकटून गेलं की वारा तो खातो आणि आपली ताकद चांगली पाव हिश्श्याने वाचते. त्यामुळे सिग्नलला ज्यांनी जन्मात कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, त्यांच्या अंगात इथे लखनवी अदब संचारते. "व्हा ना तुम्ही पुढे." "छे छे, तुमचा मान!" मान घेणारा कुणीच नसतो. मग सगळा घोळका हळूहळू मंदावत जातो आणि शेवटी दुधाच्या किटल्या लावलेली मोपेड आम्हाला मागे टाकून निघून जाते.

घाटात मात्र हा धंदा बसतो. वेगच इतका कमी, की अडवायला वारा उरत नाही. ज्याने त्याने आपापलं पोट आपापल्या पायांनी वर न्यायचं. या पोटाबद्दल आमच्यात फारसं बोलत नाहीत. साडेसात किलोची कार्बनची सायकल घेताना किंमत घरी निम्मीच सांगितलेली असते. तीनशे ग्रॅम वजन वाचलं, याचा आनंद पुढे महिनाभर मिसळीने साजरा होतो.

माउलींची पालखी याच घाटातून सासवडला जाते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात. शर्यतीचा मार्ग ठरवताना आयोजकांनी त्या बैलांशी बोलायला हवं होतं. खाली मस्तानी तलाव दिसतो म्हणे. मला पुढचं चाक दिसतं, आणि मनगटावरचं घड्याळ. त्यावर हृदयाचे ठोके येतात. २२० वजा वय, ही कमाल मर्यादा असं ढोबळमानाने धरतात. या एका हिशेबापुरतं मी खरं वय धरतो. एक ठोका जास्त मिळतो.

अशात मागून एक तरुणी अलगद येते. धाप नाही, घाम नाही. "मस्त चाललंय काका! थांबू नका!" असं म्हणून वळणाआड दिसेनाशी होते. शिवी दिली असती तर निदान उलट उत्तर देता आलं असतं.

वर पोचल्यावर केळी, चिक्की, आणि निकालाची भांडणं. यंदा एका भिडूचा आग्रह, की पासष्टीपुढचा गट उघडा आणि मला त्यात घाला. त्या गटात तो एकटाच, म्हणजे सुवर्णपदक घरात. शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या खिशातून घाट चढवून आणला होता. त्याच्या बालमित्राने तिथेच हरकत घेतली.

"हा पासष्टचा कसा? माझ्याच वर्गात होता, आणि मी चौसष्टचा!"

भिडूने क्षणभरही विचार केला नाही. सून आणि नातू केळी घेऊन शेजारीच उभे होते. हात वर करून तो गरजला, "लिहून घ्या! सातवीत नापास झालो होतो मी!"