अमेरिकनांना ब्रिटिश विनोद कळतो, अगदी नीट कळतो

ब्रिटिश मालिकांचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: अमेरिकनांना तिरकस विनोद कळत नाही, म्हणून प्रत्येक ब्रिटिश मालिका तिथे सोपी आणि गोडगोड करून पुन्हा काढावी लागते. मला हा दावा मुळातच चुकीचा वाटतो.

आधी ‘कळत नाही’ बघू. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदवीरांच्या चमूची मालिका ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ १९७४ मध्ये डॅलसच्या सार्वजनिक वाहिनीवर लागली ती मूळ रूपात, आणि तिथून देशभर पसरली. १९८० मध्ये या मंडळींनी थेट लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये प्रयोग केले. ‘फ्लीबॅग’ ही ब्रिटिश मालिकाही कुणी सोपी करून दिली नव्हती, २०१९ चा सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मानाचा पुरस्कार, तिलाच मिळाला.

‘सोपी करावी लागते’ यासाठी दाखला देतात ‘द ऑफिस’ या कार्यालयातल्या विनोदी मालिकेच्या अमेरिकी अवताराचा. पण एनबीसी या अमेरिकी वाहिनीने २००५ मध्ये दाखवलेला पहिला भाग मूळ ब्रिटिश संहितेची जवळपास नक्कल होता. जेलीत थिजवलेला सहकाऱ्याचा स्टेपलर तोच, ‘तुला कामावरून काढलं’ अशी थाप मारून रिसेप्शनिस्टला रडवणारा बॉसही तोच. मालिकेला स्वतःचा सूर सापडला दुसऱ्या सीझनमध्ये. तिथे अमेरिकी बॉस मायकेल स्कॉट बॉस म्हणून तितकाच कुचकामी आहे, पण विक्रीत तरबेज: ‘चिलीज’ रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकाशी उशिरापर्यंत गप्पा मारत तो मोठा सौदा पटकावतो. हा बदल का लागला? मूळ मालिका नाताळचे विशेष भाग धरून १४ भागांत आटोपली, अमेरिकी मालिका २०१ भाग चालली. असह्य माणूस चौदा भाग खपतो. नऊ सीझन त्याला घरात घ्यायचं तर त्याच्यात काहीतरी आवडण्यासारखं हवंच. प्रेक्षकांच्या अकलेचा इथे काही संबंध नाही.

उलट ‘कपलिंग’ या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या मूळ संहिता एनबीसीने २००३ मध्ये जवळजवळ तशाच वापरल्या आणि चार भागांत गाशा गुंडाळला. ‘बघा, कळलंच नाही!’ असं यावर म्हणतात. पण मूळ ‘कपलिंग’ बीबीसी अमेरिकावर लोक आवडीने बघत होते. पडली ती नक्कल.

राहिला गोडगोडपणा. ब्रिटिश मालिकेतल्या, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या तोंडाळ आल्फ गार्नेटवरून बेतलेला आर्ची बंकर १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी मालिकेतून न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये अवतरला आणि वर्णद्वेष, व्हिएतनाम युद्ध यांवर दिवाणखान्यात भांडू लागला. ही मालिका सलग पाच सीझन लोकप्रियतेत पहिली होती! आणि राजकारणावरची ब्रिटिश उपहासिका ‘द थिक ऑफ इट’? एबीसी या अमेरिकी वाहिनीने २००७ मध्ये तिचा नमुना भाग काढला, पुढे मालिका केलीच नाही. मग मूळ कर्ता आर्मांडो इयानुची याने एचबीओ या अमेरिकी वाहिनीसाठी वॉशिंग्टनच्या राजकारणावर ‘वीप’ लिहिली, शिव्या आणि विखार शाबूत ठेवून. २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी तिच्याकडेच राहिला.