‘क्विव्हर’ वाचताना ओंकारेश्वराजवळचा पूल आठवला

गेल्या महिन्यात एका जुन्या मित्राने मला जरा लागेल असंच विचारलं. “दर २० ऑगस्टला सकाळी तू पुलावर उभा असतोस आणि घरी येऊन काळ्या जादूची कॉमिक्स वाचतोस. हे जमतं कसं तुला?” पूल म्हणजे पुण्यातला, जिथे अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मी तेव्हा चहा संपवला आणि विषय बदलला, कारण उत्तर तयार नव्हतं. आता आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. पुढे गोष्टीतलं रहस्य फुटणार आहे. वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

पुस्तक आहे ‘ग्रीन अ‍ॅरो : क्विव्हर’. क्विव्हर म्हणजे भाता, आणि ग्रीन अ‍ॅरो हा अमेरिकन कॉमिक्समधला धनुर्धर नायक. २००१ मध्ये ग्रीन अ‍ॅरोची मालिका नव्याने सुरू झाली, तिचे हे पहिले दहा अंक. लेखन केव्हिन स्मिथचं, चित्रं फिल हेस्टरची. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली. हेस्टरच्या चित्रांत काळी शाई भरपूर, चेहरे कोरून काढल्यासारखे. रात्री दिव्याखाली वाचताना सावल्या पानाबाहेर येतात की काय असं वाटतं.

ग्रीन अ‍ॅरो, म्हणजे ऑलिव्हर क्वीन, १९४१ पासूनचा. त्याच्याकडे कुठलीही दैवी शक्ती नाही. आहे ते धनुष्य, बाण आणि रागीट तोंड. १९७० मध्ये ओ’नील आणि अ‍ॅडम्स या लेखक-चित्रकार जोडीने त्याला गरिबांच्या बाजूने भांडणारा माणूस केला. १९८७ मध्ये लेखक-चित्रकार माइक ग्रेलने त्याच्या हातातले गमतीचे बाण काढून घेतले, आणि त्या गोष्टीत ऑलिव्हरने माणूस मारला. १९९५ मध्ये विमानाच्या स्फोटात तो मेला. ‘क्विव्हर’मध्ये तोच परत येतो. फाटक्या कपड्यांत, रस्त्यावर, मधली कित्येक वर्षं पुसली गेलेली. आपण कधी मेलो होतो हेही त्याला माहीत नाही.

त्याला आसरा देतो स्टॅन्ली डोव्हर नावाचा एक श्रीमंत म्हातारा. प्रेमळ, मृदू बोलणारा, पैशाला कमी नाही. घर देतो, हवं ते देतो. शहरात कुणीतरी लहान मुलांचे खून करत सुटलंय आणि ऑलिव्हर त्याच्या मागावर आहे. मधेच यमकात बोलणारा एट्रिगन नावाचा राक्षस येऊन ऑलिव्हरलाच जाळायला बघतो. का, तर परत आलेल्या या देहात आत्माच नाही. घर आहे, पण कुलूप नाही. कुणीही आत शिरू शकतं.

आणि मुलांचा खुनी निघतो तो म्हातारा. तंत्रमंत्र, रिंगण, विधी, सगळं त्याचंच. त्याला मरायचं नाहीये. ऑलिव्हरचा हा धट्टाकट्टा रिकामा देह त्याला स्वतःसाठी हवाय. त्यासाठी तो आपल्या नातवालाही सोडत नाही.

इथे मी पुस्तक मिटवून ठेवलं होतं. मला जे आठवलं ते अमेरिकेतलं नव्हतं. परभणी जिल्ह्यातलं मानवत, १९७२ ते ७४. गुप्तधनाच्या नादात बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. त्यानंतरही ‘नरबळी’ हा शब्द आपल्या पेपरांतून गेला नाही. तिथेही कुणाला तरी काहीतरी हवं होतं. धन, मूल, आयुष्य. मंत्र फक्त त्या हावेवर पांघरलेली चादर.

म्हणूनच मला हे कॉमिक अंधश्रद्धेचं वाटत नाही. गोष्टीत जादू खरी धरायची, एवढा करार वाचक करतोच. मी बघतो ते पुढचं: जादू कोण करतंय, कशासाठी, आणि तिची किंमत कोण मोजतंय. ‘क्विव्हर’चं उत्तर स्वच्छ आहे. करणारा प्रतिष्ठित, मागणं स्वार्थाचं, मरणारी मुलं परक्याची. डॉ. दाभोलकर आयुष्यभर हेच तर सांगत होते, की या बाजारात कुणीतरी कुणाचं तरी शोषण करत असतं. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या त्याच महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, सकाळी फिरायला निघालेले असताना, त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात नरबळी आणि जादूटोणा हे शब्द नावातच आहेत.

आता धनुष्याबद्दल. माझी मुलगी दोन वर्षं तिरंदाजी शिकतेय. पहिल्या महिन्यात तिचा डावा हात कोपराच्या आतून निळा-जांभळा झाला होता, कारण कोपर नीट वळवलं नाही की दोरी सुटताना हातावर बसते. दोरी प्रत्येक वेळी हनुवटीखाली त्याच जागी आली पाहिजे. केसभर चुकलं तर सत्तर मीटरवर बाण कुठच्या कुठे जातो. मग चालत जायचं, बाण उपटायचे, आकडे लिहायचे, परत यायचं. एका स्पर्धेआधी कुणा पालकांनी मुलांच्या धनुष्यांना काळा दोरा बांधायला घेतला. हिने नको म्हटलं. भांडली नाही, फक्त धनुष्य उचलून बाजूला गेली. त्या दिवशी तिला पदक मिळालं नाही, आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही.

काळ्या जादूसमोर धनुर्धर उभा करण्यात मला जे आवडतं ते हेच. डोव्हरला सगळं फुकट हवंय, दुसऱ्याच्या जिवावर. ऑलिव्हरचा प्रत्येक बाण त्याच्या स्वतःच्या खांद्यातून, पाठीतून येतो.

पुस्तकात दोष आहेत, तेही सांगतो. मधले अंक पात्रांनी खचाखच भरलेत, नवख्या वाचकाला कोण कुठला कळत नाही. संवाद कधीकधी संपतच नाहीत. मिया नावाच्या मुलीला ऑलिव्हर वेश्याव्यवसायातून बाहेर काढतो; तिच्या वाट्याला याहून खूप जास्त पानं यायला हवी होती.

पण एका जागेसाठी सगळं माफ. ऑलिव्हरचा आत्मा स्वर्गात आहे. सुखात आहे, त्याला परत यायचंच नाहीये. विनंती होते, तो स्पष्ट नाही म्हणतो. मग खाली त्याचा मुलगा कॉनर एकटाच डोव्हरशी आणि त्याने बोलावलेल्या भुतावळीशी भिडतो. तेव्हा तो येतो. कुठल्याही मंत्राने बांधून आणलेला नाही, स्वतः ठरवून.

ज्या मित्राने प्रश्न विचारला होता, त्यालाच पुस्तक दिलंय. काल रात्री त्याचा मेसेज आला. अर्ध्यावर पोचलाय. “तो म्हातारा किती चांगला माणूस आहे रे.”

मी अजून उत्तर दिलेलं नाही.